पांढरं घ्या, पांढरं

माझा धाकटा दीर घरात न सांगता फौजेत भरती झाला आणि सासूबाईंनी तीन दिवस चूल पेटू दिली नाही, त्या सालची ही गोष्ट. चौथा दिवस सोमवार उजाडला. सोमवार म्हणजे टेंभुर्डीचा बाजार. दुःख कितीही मोठं असलं तरी उपटून ठेवलेली भाजी काही थांबत नाही. त्यामुळे पहाटे सासूबाईंनीच मला हलवून उठवलं.

"ठके, ऊठ. पांढरं धुऊन घे. आन चिमीलाबी संगं ने, हितं रडारड नको तिची."

पांढरं म्हणजे मुळा. सासूबाईंना मुळा म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. बंदी मला होती, आणि माझ्या तोंडाला चुकून तो शब्द लागू नये म्हणून त्याही माझ्यादेखत पांढरंच म्हणायच्या. माझ्या नवऱ्याचं नाव मुळू. मूळ नक्षत्रावर जन्मलेले, म्हणून मुळू. नक्षत्राची शांत होईपर्यंत सत्तावीस दिवस बापानं तोंड पाहिलं नव्हतं म्हणे. पुढं संसाराला लागल्यावर मला वाटायचं, सासऱ्यांनी जरा घाईच केली.

बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडं होतं. नावच नव्हे, नावासारखा लागणारा शब्दही चालायचा नाही. सासऱ्यांना मूळव्याध होती, तर वैद्याला मी 'मामंजींना बसायचं दुखणं आहे' असं सांगायचे. आणि नशीब बघा, आमची जमीन ओढ्याकाठची, भुसभुशीत. तिच्यात दुसरं काही धड येत नसे, मुळा मात्र मनगटाएवढा यायचा. जे पीक दर सोमवारी डोक्यावर वाहायचं, त्याचंच नाव घ्यायची मला चोरी.

बाजारात भाजीच्या ओळीत माझ्या शेजारी हौसाबाई बसायची. तीही मुळाच आणायची. तिच्या नवऱ्याचं नाव होतं गेनू, त्यामुळं तिचा गळा मोकळा.

"मुळा घ्या, मुळा! गोड मुळा! बर्फीवानी मुळा!" ती ओरडायची.

मी आपली म्हणायचे, "पांढरं घ्या, पांढरं! पाल्यासकट पांढरं!"

त्या दिवशी एक टोपीवाले गृहस्थ माझ्यापुढं थांबले. "पांढरं काय गं? चुना विकतीस का?"

"हे की, दादा. बघा की डोळ्यांनी."

"दिसतंय. पर ह्याला म्हनायचं काय?"

मी मान खाली घातली. हौसाबाई माझ्या बाजूनं बोलायला धावली. ती नेहमीच धावायची. "अवो, तिच्या घरधन्याचं नाव हाय त्ये. मुळा हाय मुळा. या, हिकडं बघा, ह्यो जून नाही." गृहस्थ हसत हसत तिच्या ढिगाकडं वळले. हौसाबाईचे माझ्यावर असे पुष्कळ उपकार आहेत.

उन्हं चढल्यावर मालक आले. मालक म्हणजे मुळूच. गाडी सोडून, बैलांना वैरण टाकून, पटक्याचा शेमला झाडत आले. चिमी तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या मांडीवर बसून पाल्यातल्या अळ्या काढत होती.

"चल गं चिमे, तुला गोडीशेव खाऊ घालतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "अवं, गर्दी लई हाय. हात सोडू नका तिचा."

"मला शिकवती का? मी काय पहिल्यांदा आलोय बाजारला?"

पोर उड्या मारत गेली. मी पांढरं पांढरं करत बसले.

पाऊण तासानं मालक परत आले. हातात कागदाची पुडी, पुडीत गोडीशेव, आणि दुसरा हात मोकळा.

"चिमी आली का गं हितं?"

"तुमच्यासंगं व्हती ना?"

"व्हती की. म्या जरा बैलांचे दात बघत हुतो. मागं बघतो तर न्हाई."

आमची गाडीची जोडी होती, नवा बैल घ्यायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. पण दुसऱ्याच्या बैलाच्या तोंडात हात घालून 'चौसा हाय, चौसा' असं दहा माणसांत म्हटल्याशिवाय त्यांचा सोमवार पुरा होत नसे. बैलाच्या तोंडात किती दात आहेत हे त्या माणसाला त्या क्षणीही पाठ होतं. स्वतःची पोर कुठं सुटली, ते ठाऊक नव्हतं.

"अशी बघती काय? तू वरल्या अंगानं हुडक, मी खालल्या अंगानं जातो," ते म्हणाले आणि गेले.

खालल्या अंगाला चहाचं हॉटेल होतं.

मी उठले. "हौसाबाई, जरा बघ गं माझ्या ढिगाकडं."

"जा जा, मी हाय," हौसाबाई म्हणाली आणि माझ्या जागेवर हातभर सरकून बसली.

मी मिरचीच्या ओळीतून गेले, गुळाच्या ढेपांमधून गेले, सुकट-बोंबलाच्या पाट्या ओलांडल्या. "चिमे, ए चिमे," अशा हाका मारत होते. हिरवा परकर दिसला की धावायचे, तर भलत्याच कुणाची पोर. डाळवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "बाई, मापात माती पडंल, बाजूला व्हा." कुंभाराला विचारलं, त्यानं हातानंच नाही म्हटलं. तेवढ्यात कर्ण्याचा आवाज आला.

बाजाराच्या मधोमध, चिंचेखाली, एक दंतमंजनवाला दर सोमवारी उभा राहायचा. सायकलला बॅटरी, बॅटरीला कर्णा. अंगात बिनबाह्यांचा काळा कोट. स्वतःला तो डॉक्टर म्हणवायचा. लोकांचे दात मोत्यासारखे करून देणाऱ्या ह्या डॉक्टरचे स्वतःचे दात पान खाऊन खैराच्या लाकडासारखे झालेले होते, पण ते कुणाला दिसत नसे, कारण माणसं कर्ण्याकडं बघत. हरवलेलं जनावर, सापडलेलं पागोटं, असं सगळं तोच पुकारायचा. त्यानं गर्दी वाढायची आणि गर्दी वाढली की मंजन खपायचं.

मी गर्दीत घुसले. "दादा, माझी पोर हारवली. पुकारा करा."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कर्ण्यातच विचारलं, "गाव?"

"भोरवाडी."

"पोरीचं नाव?"

"चिमी."

"चिमी! घरोघर चिमी असतीया. बापाचं नाव सांग."

मी पदर दातात धरला.

"अगं बापाचं नाव. कुणाची पोर म्हणून पुकारू?"

"माझी म्हणा. ठकूची."

गर्दी खदखदून हसली. डॉक्टरलाही चेव आला. "बाईच्या नावानं पोर कधी पुकारत्यात का? ती काय शेळी हाय? बापाचं नाव बोल, मग पुकारतो."

"चिमीचा बा," मी म्हटलं.

"आता चिमी कुणाची, तर चिमीच्या बाची! वा!" तो म्हणाला. पुन्हा हशा. कुणीतरी मागून ओरडलं, "घेत न्हाई ती नाव! लाजती!"

"मग लिहून दे," डॉक्टर म्हणाला आणि मंजनाच्या पुडीचा कागद आणि शिसपेन्सिल माझ्यापुढं धरली. मी ती पेन्सिल नुसती बघत राहिले. तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. अक्षरं मी शिकले पन्नाशी उलटल्यावर, नातीच्या पाटीवर, नातीचे टोले खात. त्या दिवशी ती पेन्सिल मला काडीएवढ्या कामाचीही नव्हती.

तेवढ्यात एका टग्याला सुचलं. "नाव घे की उखाण्यात! उखाण्यात चालतंय!"

झालं. सगळ्यांनी टाळ्याच धरल्या. "नाव घे! नाव घे!" लग्नाच्या मांडवात नवरीला घेरतात तसं मला घेरलं. माझी चार वर्षांची पोर हरवली होती आणि ही बाप्ये माणसं, अंगापिंडानं धडधाकट, मिश्या असलेली, उखाणा मागत होती. एकजण तर मदतीलाही आला. "म्हण माझ्यामागं, वयनी. बाजारात मांडला भाजीचा वाटा, अमक्यांचं नाव घेते, मोकळ्या करा वाटा!" त्याला लोकांनी शाबासकी दिली, पाठीवर थापा मारल्या. तो आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामी आला असेल असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं.

आणि ह्याच वेळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. ते इथंच सांगते.

चिंचा-बोरं विकणारी बबईआजी नाक्यापाशी बसायची. चिमी रडत रडत तिच्या पाटीपुढं येऊन उभी राहिली. म्हातारीनं तिला चार बोरं दिली आणि विचारलं, "कुणाची गं तू, बाय?"

चिमीला घरात हेच शिकवलेलं. कुणाची, तर मुळूची. पोरीला बापाचं नाव घ्यायला काय बंदी?

"मुळूची," ती म्हणाली.

नाकात शेंबूड, तोंडात बोर. म्हातारीच्या कानानं ऐकलं, 'मुळ्याची.' आणि समोरच शहराकडं जाणारा मुळ्याचा ट्रक भरत होता. मुळा उपटायला आणि धुवायला आणलेल्या लांबच्या गावच्या बायका ट्रकातल्या ढिगावर पोराबाळांसह चढून बसल्या होत्या. म्हातारीला वाटलं, मुळ्याची म्हणजे ह्यांचीच. तिनं हमालाला हाक मारली, "आरं, ही तुमची पोर खालीच राह्यली, घे वर." हमालानं चिमीला उचलून पाल्यावर ठेवलं. त्या बायकांतल्या प्रत्येकीला वाटलं, पोर दुसरीची असेल. ड्रायव्हर चहा पिऊन आला. ट्रक सुरू झाला.

इकडं चिंचेखाली डॉक्टर म्हणत होता, "बाई, माझा धंदा खोळंबलाय. बोलायचं तर बोल, न्हाईतर बाजूला हो. हां, तर मंडळी, हिरड्यातून रक्त येतंय? पू येतोय?"

त्यानं कर्ण्यात बोलायचा तारेचा बोंडला पुन्हा तोंडाशी नेला. त्याच्या हिरड्या, त्याचं रक्त, त्याचा पू, सगळं भर बाजारात उघडं चाललं होतं. त्याला कुणी अडवत नव्हतं. अडत होतं ते फक्त माझं.

मी तो बोंडला त्याच्या हातातून हिसकला. तारच तुटायची, पण तुटली नाही.

"मुळू!" मी ओरडले. "मुळू! मुळू भिवाजी औटी! भोरवाडीचा मुळू! त्याची पोर हारवलीया! मुळूची पोर! हिरव्या परकराची, मुळूची पोर!"

नवऱ्याचं घेतलं ते घेतलं, त्याच्या मागोमाग सासऱ्याचंही गेलं. आणि गेलं ते सगळं एकेरीत. कर्ण्यातून आवाज पार नाक्यापर्यंत गेला आणि शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला, तेव्हा माझं मलाच ऐकू आलं, 'मुळूची पोर.'

हसणारे गप्प झाले. टगा आपल्या पायांकडं बघायला लागला. डॉक्टर म्हणाला, "आता कसं! एवढंच तर विचारत होतो." जसं काही त्यानंच पोर शोधली.

नाक्यावर बबईआजी पाटी सोडून उठली. सत्तरीची बाई, पण गुडघे झाडत निघाली आणि ओरडली, "आगं बया! मुळूची व्हय! म्या मुळ्याची समजले! आरं थांबवा त्यो टरक!"

ट्रक नाका ओलांडून शंभर पावलं गेला होता. पुढं उसाच्या दोन गाड्या रस्त्यात एकमेकींना घासून अडकल्या होत्या. गाडीवान एकमेकांच्या आयांची चौकशी करत होते, त्यामुळं ट्रक खोळंबला होता. मी पोचले तेव्हा चिमी मुळ्यांच्या ढिगावर एका परक्या बाईच्या मांडीला टेकून बसली होती. हातात मुळा, अर्धा खाल्लेला.

"आई, तिखट हाय," ती म्हणाली.

हमालानं तिला खाली दिली. मी तिला असं धरलं की ती रडायलाच लागली. बबईआजी धापा टाकत आली आणि म्हणाली, "माफ कर गं बाय. कान गेले माझे. आन तुझ्या दाल्ल्याचं नावबी काय ठेवलंया, मुळू! भाजी का मानूस?"

तेवढ्यात मालक आले. पळत आले हे कबूल केलं पाहिजे. हॉटेलात बसलेल्या माणसाला कर्ण्यावर स्वतःचं नाव ऐकू आल्यावर तो पळणारच. पटका सुटलेला, हातात ती गोडीशेवेची पुडी तशीच.

"कुणी घेतलं माझं नाव?" त्यांनी विचारलं.

"म्या."

"भर बाजारात?"

"व्हय."

"कर्न्यावर?"

"व्हय."

ते जरा थांबले. मला वाटलं, आता पोरीकडं बघतील. पण त्यांना अजून एक विचारायचं होतं.

"आन अरेतुरेमधी?"

बबईआजी फसकन हसली. चिमीनं हात लांबवून त्यांच्या हातातली पुडी घेतली आणि शेव खायला लागली. मग त्यांच्या ध्यानात आलं. "सापडली व्हय," ते म्हणाले. "म्या म्हनलंच हुतं, कुठं जातीया." हे त्यांनी कुणाला म्हटलं होतं ते हॉटेलवाल्यालाच ठाऊक.

आमची गाडी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सासूबाई उंबऱ्यात उभ्या. चिमी हरवली होती, सापडली होती, तिला जवळ घ्यावं, काही नाही. मला दारातच अडवलं.

"खाल्लंस ना माझ्या लेकाचं आयुष्य? एक लेक फौजेनं नेला, दुसरा तू ने."

"आत्याबाई, पोर टरकात घातली व्हती."

"पोरी धा व्हतील. माझा मुळू पुन्यांदा व्हनार हाय का?"

मला अकरा शनिवार उपास लागले. मारुतीला तेल, रुईची माळ, आणि दर शनिवारी मालकांच्या पायाचं तीर्थ. मालकांनीही ते सगळं मनावर घेतलं. पुढं सहा महिने त्यांना शिंक आली तरी ते माझ्याकडं बघायचे. शेताची कामं कमी केली, कारण आयुष्य आता थोडं उरलंय, ते उन्हात का घालवायचं? खोकला आला की खाट, खाट आली की दूध. मी नाव घेतल्यानं त्यांना काही झालं असेल तर एवढंच, की बसून खायला कारण मिळालं.

चिमी मोठी झाली, नांदायला गेली. तिच्या सासरी ही गोष्ट ती मोठ्या हौसेनं सांगते. कसं आमच्या आईनं डॉक्टरच्या हातातून कर्णा ओढला, कसं बाजार गप्प झाला. तिच्या सुना माझ्या पाया पडतात. मी पडू देते.

पण खरं सांगायचं तर माझ्या लेखी त्या बाजारात सगळ्यात हलकं माणूस दंतमंजनवाला नव्हता, टगाही नव्हता, आणि बैलाचे दात मोजणारे मालकही नव्हते. मी कर्ण्यापुढं उभी राहिल्यापासून तो हिसकेपर्यंत किती वेळ गेला ते मी चिमीला कधी सांगितलेलं नाही. डॉक्टरनं मधल्या वेळात मंजनाच्या नऊ पुड्या विकल्या. एकेक गिऱ्हाईक पुढं यायचं, मंजन बोटावर घेऊन दाताला लावायचं, थुंकायचं, मग पुडी घ्यायचं. नऊ वेळा. मी ते उभ्यानं बघितलं. नाव जिभेवर होतं. आणि मालकांचं आयुष्य घटेल अशी काळजी मला तेव्हा एका पुडीपुरतीही वाटली नव्हती. वाटत होतं ते इतकंच, की लोक काय म्हणतील. उसाच्या गाड्या अडकल्या नसत्या तर पोर शहरात गेली असती. आणि मी नाव घेतलंच नसतं, तर नवऱ्याची मर्यादा राखली म्हणून गावानं मला चांगली बाई म्हटलं असतं.

सासूबाई त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी शिमग्यात गेल्या. मुळू भिवाजी औटी हे दोन हजार अकरा साली, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी जेवून झोपले ते झोपेतच वारले.